आजोबांच्या वाड्यात राहायला जावं का?

प्रश्न थोडक्यात असा. जुन्या नाशकात, दहीपुलापासून चार पावलांवर, आजोबांचा दोन मजली वाडा आहे. दर्शनी तीन खण, आत चौक, वर कौलं. सहा वर्षं कुलूप आहे. विचारणारे गंगापूर रोडला फ्लॅटमध्ये राहतात. त्यांच्या आईंना, वय 71, आता वाड्यातच राहायचंय. बायको म्हणते, पाडा आणि मोकळे व्हा. एका ओळखीच्यांचा सल्ला आहे की आतून सिमेंटचा गिलावा मारा, वर पत्रा टाका, पन्नास वर्षं बघायला नको. भिंतींना खालून ओल आहे, मागच्या खोलीत गळतं आणि माजघरात एका जागी पाय आपटला की पोकळ आवाज येतो.

मी नाशकात 27 वर्षं इमारतींच्या तपासणीची आणि दुरुस्तीची कामं करते. त्यातली निम्मी वाड्यांची. लग्नानंतर अकरा वर्षं सोमवार पेठेत सासरच्या वाड्यात राहिले आहे, त्यामुळे प्रेम आणि वैताग दोन्ही पुरेसं आहे.

सुरुवात त्या ओळखीच्यांच्या सल्ल्यापासून करते, कारण तो सल्ला एके काळी मीही दिला होता. नोकरी सोडून स्वतःची कामं घ्यायला लागले तेव्हाची गोष्ट. पंचवटीतल्या एका वाड्यात माजघराच्या भिंतीला लोणा लागला होता. हात लावला की पांढरी भुकटी पडायची. मी जुना चुन्याचा गिलावा चार फुटांपर्यंत खरवडून काढला आणि सिमेंटचा मारून दिला. भिंत गुळगुळीत झाली, काकूंनी मला चहाबरोबर लाडू दिला. दुसऱ्या पावसाळ्यात ओल साडेपाच फुटांपर्यंत चढलेली दिसली, सिमेंटच्या कडेच्या वर. तिसऱ्या वर्षी मी गिलाव्यावर टिचकी मारली तर ढब्ब आवाज. पहारीच्या टोकानं जरा उचकटलं आणि दरवाजाएवढा पापुद्रा विटांच्या तोंडासकट खाली आला. आतली पांढरी माती चक्क्यासारखी ओली होती. बोट घातलं तर पेरभर आत गेलं. ती भिंत वरचा अख्खा मजला डोक्यावर घेऊन उभी होती.

झालं ते असं. वाड्याची भिंत दोन-अडीच फूट रुंद असते. खाली काळ्या दगडाचं जोतं, वर पातळ विटा, आणि बऱ्याचदा दोन्ही बाजूंना विटा लावून मधे माती-दगडगोट्यांची भर. जमिनीतली ओल तिच्यात कायमच थोडी चढते. पूर्वी चढायचीच. पण चुन्याच्या गिलाव्यातून ती बाहेर पडायची, वाऱ्यानं वाळायची, फार तर वरचा गिलावा खराब व्हायचा. तो दर काही वर्षांनी बदलायचाच असतो, भिंतीच्या वाटचं मरण तो स्वतःवर घेतो. सिमेंट ओलीला बाहेर पडू देत नाही. मग ती वर चढते, आणि जाता जाता मातीचं काम विरघळवते. त्या वाड्याची भिंत टेकू लावून आम्ही टप्प्याटप्प्यानं परत बांधली. खर्चातला माझा वाटा मी दिला. लाडू नंतर मिळाला नाही.

म्हणून तुमच्या भिंतीला सिमेंट नको, डिस्टेंपरच्या आत वॉटरप्रूफ केमिकलही नको. चुनाच. कळीचा चुना आणून निदान पंधरा दिवस पाण्यात मुरवायचा, वाळूबरोबर मळायचा, काम मागेल तसं गुळाचं किंवा बेलफळाचं पाणी घालायचं, आणि वरून नीरूचा, म्हणजे गाळलेल्या बारीक चुन्याचा, हात. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत सावकाश घट्ट होतो, त्यामुळे घाई करणारा गवंडी इथे उपयोगाचा नाही. आणि गिलाव्याच्या आधी ओल कुठून येते ते शोधा. दहापैकी सात वेळा जमिनीला उगाच शिव्या बसतात. गुन्हेगार असते फुटकी मोरी, उलट्या उताराचा चौक, किंवा शेजाऱ्याचा पन्हळ नसलेला पत्रा. साधी तपासणी सांगते: हातभर प्लास्टिकचा कागद भिंतीला चारी बाजूंनी चिकटपट्टीनं घट्ट लावा आणि दुसऱ्या दिवशी बघा. मागच्या बाजूनं थेंब असतील तर पाणी भिंतीतून येतंय. पुढून असतील तर खोलीत हवा खेळत नाही, खिडक्या उघडा. सहा वर्षं बंद घरात दुसरंही असू शकतं.

सहा वर्षं कुलूप, हीच मला तुमच्या पत्रातली सगळ्यात काळजीची गोष्ट वाटली. दीडशे वर्षं उभा असलेला वाडा कुलूप लागल्यावर तीन-चार पावसाळ्यांत बसलेला मी पाहिलाय. राहत्या घरात एक कौल सरकलं तर त्याच रात्री कुणाच्या तरी अंथरुणावर थेंब पडतो. घरात आरडाओरडा होतो, पातेलं ठेवतात, सकाळी कुणीतरी वर चढतं. बंद घरात तोच थेंब चार महिने एकाच तुळईच्या टोकावर पडत राहतो. घुशी पाया पोखरतात आणि त्यांना हुसकायला कुणी नसतं. आमच्याकडे मे महिन्यात, मृगाच्या आधी, शाकारणी व्हायची. माणूस बोलावून अख्खं छप्पर परतायचं, फुटकी कौलं बदलायची, मांजरांनी केलेले घोटाळे निस्तरायचे, कुजकी रीप काढायची. सासरे खाली उभे राहून कौलं मोजत. घरं वाटली गेली, भाऊ कॉलेज रोडला आणि इंदिरानगरला गेले, आणि शाकारणीचे पैसे कुणी द्यायचे यावर तीन वर्षं वाद झाला. त्या तीन वर्षांत छप्पर गेलं. जुन्या नाशकातल्या निम्म्या वाड्यांची हकिकत हीच आहे, फक्त भावांची संख्या बदलते.

आता वर बघा. मजल्याला कडीपाट असेल: तुळया, त्यावर कड्या, त्यावर फळ्या, आणि फळ्यांवर मातीचा थर. हा थर सहा इंचांचा धरला तरी दहा बाय दहाच्या खोलीत पन्नास घनफूट माती होते, म्हणजे अडीच टनांच्या आसपास वजन. ते लाकडानं पिढ्यान्‌पिढ्या पेललं, कारण मूळ हिशेबच तसा होता. पण मधल्या काळात कुणीतरी हौसेनं त्यावर कोबा आणि शहाबादी फरशी घातलेली असते, तो आणखी दीड टन. वर हजार लिटरची टाकी, तो एक टन. तुमच्याकडे हे झालंय का ते पाहा. झालं असेल तर पहिलं काम वजन उतरवणं. टाकी लाकडी मजल्यावर कधीच नको, चौकाच्या कोपऱ्यात तिला स्वतंत्र लोखंडी सांगाडा करा.

तुळईचं मधलं पोट बघून लोक घाबरतात, पण जुनं सागवान जरा वाकलेलं असणं फार गंभीर नसतं. गंभीर गोष्ट दिसत नाही: तुळईचं भिंतीत गेलेलं टोक. तिथे हवा लागत नाही, ओल मुरते. माझ्या पिशवीत चपला शिवायचं एक दाभण असतं. भिंतीलगत ते टोचायचं. चांगलं सागवान दाभण आत घेत नाही. मागच्या वर्षी भद्रकालीतल्या एका वाड्यात इतकी सुबक तुळई होती, वरचा तेलपाण्याचा काळसर तजेला तसाच, खाली कमळाची नक्षी. दाभण मुठीपर्यंत गेलं, लोण्यात जावं तसं, आणि बाहेर काढल्यावर टोकाला ओला भुसा. घरमालक शेजारीच उभे होते. ते काही बोलले नाहीत, फक्त वर टांगलेला झोपाळा त्यांनी हळूच थांबवला. अशी तुळई पूर्ण बदलावी लागतेच असं नाही. कुजलेलं टोक कापून दोन बाजूंनी लोखंडी पट्ट्या किंवा चॅनल लावून, खाली दगडी गादी देऊन ती परत बसवता येते. पण आधी टेकू, मग करवत. उलट केलं की बातमी होते.

भिंतींना ओळंबा, म्हणजे दोरीला बांधलेलं वजन, लावून त्या सरळ उभ्या आहेत का ते बघून घ्या. बाहेरून भिंतीला पोट सुटलं असेल, म्हणजे मधे फुगवटा असेल, तर आतली भर खाली बसून दोन्ही थर सुटायला लागलेत. हे सगळ्यात धोक्याचं. भेगा असतील तर त्यावर काचेची बारीक पट्टी प्लास्टरनं चिकटवा आणि शेजारी तारीख लिहा. काच तडकली तर भेग जिवंत आहे. दोन पावसाळे काच शाबूत राहिली तर ती भेग आजोबांच्या वेळची आहे, तिला चुना भरा आणि विसरा.

आणखी एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही, ती मुद्दाम विचारते: शेजारचा वाडा अजून उभा आहे का? आपल्याकडचे वाडे खांद्याला खांदा लावून उभे आहेत, भिंती सामाईक. शेजारचा पाडला की तुमची आतली भिंत एकदम बाहेरची होते. तिच्यावर कधी पाऊस पडलेला नसतो, गिलावा नसतो, नुसती मातीतली वीट. त्यावर शेजारच्या तुळयांची उघडी भोकं. पहिल्या दोन पावसाळ्यांत ती भिजते, फुगते, आणि झडी थांबून ऊन पडलं की आक्रसते. पाऊस उघडल्यावर वाडे का पडतात असं लोक आश्चर्यानं विचारतात, त्याचं एक कारण हे. शेजारी मोकळा प्लॉट दिसत असेल तर ती भिंत आधी झाका, बाकीचं नंतर.

पुराचं मात्र गुळमुळीत बोलणार नाही. दहीपूल, सराफ बाजार, भांडी बाजार हा सरस्वती नाल्याचा भाग आहे. नाला वरून दिसत नाही, पण मोठ्या पावसात तो आपला रस्ता विसरत नाही. त्यात गंगापूर धरणातून विसर्ग वाढला आणि गंगा, म्हणजे आपली गोदावरी, चढली की नाल्याचं पाणी पुढे सरत नाही, मागे फिरतं. 1969 च्या पुराच्या गोष्टी तुमच्या आई सांगतील. 2008 आणि 2016 चा पूर तुम्ही स्वतः पाहिला असेल. गोदाघाटावर दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी आलं यावर सगळं गाव पूर मोजतं, पण तुम्हाला तुमच्या जोत्यापर्यंत कुठवर आलं ते हवंय. शेजारच्या जुन्या दुकानदाराला विचारा, तो भिंतीवर हात ठेवून दाखवेल. शिवाय महापालिकेत नकाशा बघा. निळी पूररेषा म्हणजे 25 वर्षांत एकदा येऊ शकणाऱ्या पुराची, लाल म्हणजे 100 वर्षांत एकदा येऊ शकणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत असाल तर "पाडून मोकळे व्हा" हा पर्याय वाटतो तितका मोकळा नाही. पाडल्यावर काय बांधू देतील हे आधी लेखी घ्या, मग पहार उचला. असलेला वाडा पाडून नंतर नुसता मोकळा तुकडा सांभाळत बसलेली दोन कुटुंबं माझ्या माहितीत आहेत.

कायद्याचं पटकन. प्रॉपर्टी कार्डावर आजोबांनंतर कुणाकुणाची नावं लागली ते काढा. आत्या, चुलते सगळे. जुना भाडेकरू एखाद्या खोलीला कुलूप लावून बसला असेल तर त्याला 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याचं संरक्षण असू शकतं, ते वकिलाकडून. आणि पावसाळ्यापूर्वी महापालिकेची कलम 264 ची धोकादायक बांधकामाची नोटीस दारावर लागली असेल तर ती फाडून ठेवू नका. वाचा, आणि स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्या. तीस वर्षांवरच्या इमारतीचं ते करायचंच असतं. वाडा त्या तिशीला केव्हा तरी तुमच्या पणजोबांच्या काळात पोचलाय.

आता तुमच्या आईंचं. त्यांना वाडा का हवाय ते मला कळतं. मे महिन्यात दुपारी दोन वाजता मेनरोडवरून आमच्या दिंडी दरवाजातून आत आलं की डोळ्यांना आधी काही दिसायचं नाही, आणि मग पायाला फरशीचा गारवा लागायचा. त्या जाड भिंतीतून दुपारचं ऊन आत पोचेपर्यंत रात्र होते, आणि चौकातून गरम हवा वर निघून जाते. वीज गेली तरी कुणाला कळायचं नाही. थंडीत चौकातल्या उन्हाच्या पट्ट्याबरोबर सासूबाईंचा पाट सरकत जायचा, नऊला तुळशीपाशी, अकराला ओसरीच्या कडेला. गव्हाच्या कुरडया, वाल निवडणं, कुणाची तरी वेणी, सगळं त्याच पट्ट्यात. रंगपंचमीला तिवंधा चौकातली रहाड, म्हणजे रंगाच्या पाण्याचा जमिनीतला हौद, उघडली की पोरं भिजून घरी येत आणि ओसरीच्या भिंतीला टेकत. त्या चुन्यात रंगाचा एक पाठीएवढा डाग कायमचा मुरला होता. दिवाळीत सफेदी झाली तरी फाल्गुनापर्यंत तो पुन्हा वर यायचा.

पण त्याच वाड्यात संडास चौकाच्या पलीकडे होता, आणि मला सातवा महिना असताना रात्री तीनला छत्री घेऊन जावं लागायचं. जिन्याची पायरी दहा इंचांची, धरायला दोर. माळ्यावरून मातीचे कण रोज खाली पडायचे, भरलेलं ताट झाकल्याशिवाय ठेवायची सोय नाही. स्वयंपाकघर अंधारं, दिवसा दिवा. या घराचं कौतुक करणारे पुरुष बहुतेक ओसरीवर बसलेले असायचे, हेही सांगून टाकते. तुमच्या बायकोला वाडा नको असेल तर तिला नेमकं काय नकोय ते विचारा. माझा अंदाज आहे की तिला वाडा नको नसेल, तो जिना, तो संडास आणि पाली नको असतील. यातल्या पहिल्या दोन्ही गोष्टी सुटतात.

माझं मत विचाराल तर: दाभण आणि ओळंबा दोन्हींनी पास केलं, आणि पाणी जोत्याच्या वर फारसं आलेलं नसेल, तर पाडू नका. पण अख्ख्या वाड्यात राहायलाही जाऊ नका. खालचा मजला आईंसाठी करा. ओसरी, माजघर, स्वयंपाकघर, आणि माजघराला लागून कोरड्या बाजूला नवा संडास-बाथरूम, त्याच्या भिंती स्वतंत्र. तिथे सिमेंट चालेल, कारण ते काम नवं आहे आणि मूळ भिंतीला टेकत नाही. मूळ भिंतीतून नळ न्यायचे नाहीत, सगळे पाइप उघडे, डोळ्यांसमोर. दिसायला वाईट दिसतात. गळले तर दिसतात, म्हणूनच तसे. वरचा मजला दुरुस्त करून रिकामा आणि हवेशीर ठेवा, आठवड्यातून एकदा कुणीतरी वर फिरून यायला हवं. छपरावर पत्रा नको. कौलच, खाली फळ्या आणि पाणी अडवणारा कागद घालून. वायरिंग सगळं नवं, अर्थिंगसकट, आणि करंट गळला तर बंद पडणारा ब्रेकर लावूनच. लाकडी पट्टीतल्या जुन्या वायरी शोभेलाही ठेवू नका. तुमच्या गल्लीत अग्निशमनचा बंब शिरत नाही.

खर्च नव्या बांधकामाच्या दराच्या आसपास जाईल, कधी वर. स्वस्त पडेल असं सांगणारा माणूस पत्रा टाकणार आहे. आणि कुणी "खांब नि दरवाजा द्या, पाडायचं काम फुकट करतो" म्हणाला तर समजा की तुमचं सागवान त्यानं आधीच कुठल्यातरी फार्महाउसला विकलंय.

राहिला माजघरातला पोकळ आवाज. बहुधा पेव असेल, धान्य साठवायचं, तोंड दगडी तबकानं झाकून वर फरशी घातलेली. सोनं नसतं, हे निराशेनं सांगते. आम्ही उघडलेल्या तीन पेवांत कोंडा, एक फुटका चंबू आणि उंदरांचं बीळ निघालं. पण उघडाल तेव्हा आत कुणालाही उतरू देऊ नका, पोरांना तर वाकूनही बघू देऊ नका. वर्षानुवर्षं कोंडलेल्या पेवात श्वास घेण्याजोगी हवा नसते, माणूस हाक न मारता आत पडतो. झाकण काढून दोन-तीन दिवस उघडं ठेवा, भोवती आडवं काहीतरी बांधून. मग वरूनच कोरडा मुरूम टाकत, लांब काठीनं ठोकत, थरावर थर भरून घ्या. भरताना पाणी मारू नका. गवंडी मारतोच, तेव्हा तुम्ही तिथे उभे राहा. आणि तोवर आईंचं कपाट त्या जागेवर ठेवलं असेल तर आजच सरकवा.